चाक जड झालंय? आधी लिंकचा बोल्ट काढा

सप्टेंबर उजाडला की माझा फोन पहाटेपासून वाजायला लागतो. पावसाळाभर माडांखाली ओढून ठेवलेल्या होड्या पाण्यात लोटायची घाई असते आणि दर दुसऱ्या फोनवर एकच तक्रार, स्टिअरिंगची: "काका, चाक फिरणा नाय." मी मालवणजवळच्या देवबागचा. आमच्या पुढल्या दारी समुद्र, मागल्या दारी कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. इथे जवळपास प्रत्येक घराचं पोट होडीशी बांधलेलं आहे. कोणी मासे मारतो, कोणी पाहुण्यांना संगमावर नेतो, कोणी डॉल्फिन दाखवायला, कोणी मालवणच्या किल्ल्याकडे. गेली तेवीस वर्षं मी या होड्यांची आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेली, इंजिनं उघडतोय आणि जोडतोय.

इतक्या वर्षांत स्टिअरिंगच्या कामात एक चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली. चाक जड लागलं की माणूस दोन्ही हातांनी जोर लावतो. मग आत काहीतरी तुटतं. मग तो मालवणला किंवा कुडाळला जाऊन नवी केबल आणतो, ती बसवतो आणि तरीही चाक जडच राहतं, कारण केबल बिघडलेलीच नव्हती. पैसे गेले, हंगामाचे चार दिवस गेले. म्हणून सांगतो, दोष कुठे आहे ते कळेपर्यंत जोर लावायचा नाही आणि एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. दोष शोधायला फार अवजारं लागत नाहीत. दोन पाने आणि अर्धा तास पुरतो.

मी इथे मुख्यतः पंचवीस ते साठ हॉर्सपॉवरच्या, चाक आणि केबल असलेल्या फायबर होड्यांबद्दल लिहितोय, कारण आमच्याकडे त्याच जास्त आहेत. या होडीत चाकाच्या मागे गिअरचा डबा असतो, त्याला आम्ही हेल्म म्हणतो. त्यातून जाड केबल निघते, कडेकडेने मागे जाते आणि तिच्या टोकाला स्टेनलेसचा रॉड असतो. हा रॉड इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून आरपार जातो. म्हणजे ज्या पोकळ नळीवर इंजिन वर-खाली उचललं जातं, त्याच नळीच्या पोटातून. पलीकडे बाहेर आलेल्या रॉडला एक छोटी वाकडी पट्टी जोडलेली असते, ती लिंक. लिंकचं दुसरं टोक इंजिनाच्या पुढच्या हाताला. चाक फिरवलं की केबल रॉडला ढकलते किंवा ओढते, रॉड लिंकला, लिंक इंजिनाला. बस एवढंच.

म्हणजे जाम व्हायच्या जागा चारच: हेल्म, केबल, टिल्ट ट्यूब आणि इंजिन ज्या उभ्या दांड्यावर डावी-उजवीकडे वळतं तो स्विव्हल. या चारांतला कोण, ते लिंकचा एक बोल्ट सांगतो.

इंजिन पूर्ण खाली ठेवा, इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढून घ्या, बॅटरीची वायर सोडा. आता लिंक इंजिनाला जिथे जोडलेली आहे तिथला बोल्ट काढा. नट कसा, वायसर किती आणि कुठल्या बाजूला, याचा मोबाइलवर फोटो घ्या. मग इंजिनाच्या मागे उभं राहून कव्हर दोन्ही हातांत धरा आणि इंजिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. चांगल्या स्थितीतलं इंजिन एका हाताने वळतं. जड असतं, पण सगळीकडे सारखं जड. ते तसं वळलं तर स्विव्हल निर्दोष. मग पुढे येऊन चाक फिरवा. लिंक सुटल्यामुळे आता चाकावर इंजिनाचा भार नाही. तरीही चाक जड असेल तर दोष ट्यूब, केबल किंवा हेल्म यांपैकी एकात. उलट, चाक हलकं फिरतंय आणि इंजिनच वळत नाही, तर नवी केबल आणून तुमचा काहीही फायदा होणार नाही.

दुसरी पायरी. ट्यूबच्या टोकाला केबलचा मोठा नट असतो, तो सोडवा आणि रॉड ट्यूबमधून पूर्ण बाहेर ओढून घ्या. निघत असेल तर परत चाक फिरवून बघा. आता हलकं झालं? मग ट्यूब गुन्हेगार. अजून जड? मग केबल हेल्मपासून सोडवा आणि नुसतं चाक फिरवा. नुसतं चाक गरगर फिरलं तर केबल गेली, नाहीतर हेल्म.

मला स्वतःला हे शिकायला एक वाईट दिवस लागला. मी तेव्हा पाहुण्यांची होडी चालवायचो. सुकती लागली होती आणि कर्लीच्या तोंडावर पाणी समुद्राकडे ओढत होतं. तिथे वाळूचा दांडा आहे, त्यावर लाट फुटते. होडीत सात माणसं, त्यात दोन लहान मुलं. सकाळपासून चाक जड लागत होतं, पण मी मनात म्हटलं, संध्याकाळी बघू. तोंडावर वळायच्या वेळी चाक अडकलं. मी छाती टेकून जोर लावला आणि डॅशच्या आत कट्ट आवाज झाला. त्यानंतर चाक मोकळं फिरायला लागलं आणि इंजिन जागचं हललं नाही. होडी सरळ दांड्याकडे.

मी थ्रॉटल सोडला, खलाशाने नांगर टाकला. नांगर धरला, हे आमचं नशीब. मग मी मागे जाऊन पान्याने लिंकचा बोल्ट काढला आणि इंजिन हाताने हलवलं. ते लोण्यासारखं वळलं. म्हणजे रॉड ट्यूबमध्ये मिठाने धरला होता आणि मी जोर लावून हेल्मचा गिअर तोडला होता. त्या दिवशी शेजारच्या होडीने आम्हाला दोर टाकून आत ओढून आणलं. मुलांच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. सकाळी लिंकचा बोल्ट काढला असता तर पंधरा मिनिटांत कळलं असतं.

म्हणून होडीत दोन गोष्टी कायम ठेवा: लिंकच्या बोल्टला बसणारे दोन पाने आणि धरेल असा नांगर, पुरेशा दोरासकट. पाण्यात चाक गेलं तर आधी वेग कमी, मग नांगर, मग फोन. वारा-लाट शांत असेल आणि किनारा जवळ असेल तर लिंक सोडून एकाने मागे बसून इंजिन हाताने धरावं, दुसऱ्याने थ्रॉटल अगदी हळू द्यावा. पण हे फक्त सपाट पाण्यात आणि माणसाच्या चालीच्या वेगाने. वेगात मोकळं इंजिन एकदम एका बाजूला हिसका देतं, होडी गर्रकन वळते आणि मागचा माणूस पाण्यात जाऊ शकतो. थोडी लाट जरी असली तरी दोर टाकून ओढून घ्या.

ट्यूबमध्ये रॉड धरला असेल तर

आमच्या किनाऱ्यावर दहा होड्यांमधल्या सहा-सात होड्यांचा हाच आजार. जुनं ग्रीस साबणाच्या वडीसारखं घट्ट होतं, त्यात मीठ बसतं, आणि दोन-तीन महिने होडी हलली नाही की रॉड आणि ट्यूब एकमेकांना चिकटतात. ट्यूबच्या तोंडाशी नीट पाहिलंत तर पांढरट पापुद्रा दिसतो, नखाने खरवडला तर भुगा पडतो. काही ठिकाणी तो तांबूस असतो, म्हणजे ट्यूबच्या आतलं पोलाद गंजायला लागलंय.

दोन्ही तोंडांना गंज सोडवायचं तेल भरपूर मारा आणि जा, जेवून या. घाई इथे महाग पडते. मी संध्याकाळी मारतो, रात्रभर ठेवतो, सकाळी परत मारतो. मग रॉडच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने बारीक ठोके द्या. थेट लोखंडाने ठोकलंत तर रॉडचं टोक फुलतं, आणि फुललेला रॉड ट्यूबमधून कधीच निघत नाही. मग तो कापावा लागतो. एक मिलिमीटर पुढे गेला की दुसऱ्या बाजूने मागे आणा. पुढे-मागे, पुढे-मागे, तेल मारत. एकाच दिशेला ठोकत राहिलात तर निघालेला गंज पुढे गोळा होऊन पाचरीसारखा अडकतो.

तरीही हलत नसेल तर ट्यूब हीट गनने गरम करा. हात लावून सोसवेल त्याच्या थोडं पुढे, इतकीच. गॅसच्या बत्तीने कधीही नाही: शेजारी पेट्रोलची नळी आहे, मागची फळी फायबरची आहे आणि इंजिन फळीला धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये नायलॉनचे बुश आहेत. हीट गन लावायच्या आधीही टाकी होडीतून उतरवून लांब ठेवा, आणि मारलेलं तेल फडक्याने पुसून काढा. ते तेलही पेट घेतं. हीट गन नसेल तर उकळतं पाणी किटलीने ओतत राहा. वेळ लागतो, पण मी अशा कितीतरी ट्यूब नुसत्या पाण्यावर सोडवल्या आहेत.

रॉड बाहेर आला की उन्हात धरून बघा. गुळगुळीत असेल, नुसते डाग असतील तर बारीक पॉलिश पेपर आणि तेल लावून चमकवा. नखाला लागतील असे खड्डे असतील तर ती केबल टाकून द्या, कारण ते खड्डे सील खातात आणि परत मीठ धरतात. केबलचं काळं वेष्टनही बोटांनी चाचपत हेल्मपर्यंत जा. कुठे चीर, फुगवटा किंवा गंजाचं पाणी दिसलं तर केबल संपली. केबलच्या आत तेल-ग्रीस भरून ती जगवायचा प्रयत्न लोक करतात. महिनाभर हलकी वाटते आणि मग समुद्रात अडकते. केबल दुरुस्त होत नाही, बदलायची असते.

ट्यूब साफ करायला दारूच्या बाटल्या धुवायचा गोल ब्रश किंवा ड्रिलला लावायचा गोल तारेचा ब्रश. नंतर सळईला फडकं गुंडाळून, डिझेलमध्ये बुडवून आरपार फिरवत राहा. फडकं पहिल्यांदा काळं येतं, मग तपकिरी, मग राखाडी. पांढरं स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. इथे लोक कंटाळतात, आणि ज्यांनी इथे कंटाळा केला ते पुढच्या सप्टेंबरात परत येतात.

ग्रीस मरीनचंच घ्या. एकदा मला एका दुकानदाराने गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस "सगळं सारखंच असतं" म्हणून दिलं. दोन महिन्यांनी ट्यूब उघडली तर आत दुधाळ पांढरी लापशी. खाऱ्या पाण्यात ते ग्रीस फुटलं होतं आणि रॉडवर परत पापुद्रा धरला होता. रॉडला हाताने पातळ सारखा थर लावा, ट्यूबमध्ये सरकवा, मोठा नट आवळा. ट्यूबला ग्रीस भरायचा निपल असेल तर ग्रीस गन लावायच्या आधी चाक फिरवून रॉड पूर्ण आत घ्या. रॉड बाहेर असताना ग्रीस भरलंत तर ट्यूबच्या पोकळीत ते कोंडतं आणि रॉडला परत आत यायला जागाच राहत नाही. चाक पुन्हा जाम, आणि तुम्हाला वाटतं की अजून गंज आहे.

इंजिनच वळत नसेल तर

लिंक सोडल्यावर इंजिन जड असेल तर काम स्विव्हलचं. ब्रॅकेटवर ग्रीसचे निपल असतात. गन लावली आणि ग्रीस आत न जाता निपलभोवती बाहेर आलं, तर निपल किंवा त्यामागची वाट बंद आहे. निपल पान्याने काढा, त्यातली गोळी दाबून बघा, मागचं भोक तारेने मोकळं करा. नवा निपल स्वस्त असतो, जुना टाकून नवाच बसवा. मग ब्रॅकेट गरम पाण्याने शेकत, एकाने ग्रीस मारत आणि दुसऱ्याने इंजिन डावी-उजवीकडे हलवत राहा. आधी तपकिरी कडक ग्रीस शेवयांसारखं बाहेर येतं, मग मऊ, मग नवं. नवं ग्रीस वर आणि खाली दोन्हीकडून दिसेपर्यंत मारा. दोन दिवस करूनही इंजिन जडच राहिलं तर नायलॉनच्या बुशच्या मागे ॲल्युमिनियम गंजून फुगलंय आणि बुश दांड्याला आवळतोय. त्यासाठी इंजिन स्विव्हलमधून उतरवावं लागतं. हे घरी करू नका, कारण अंगावर पडलेलं इंजिन पाय मोडतं.

हँडलवर चालणारी छोटी इंजिनं ज्यांची आहेत त्यांच्याकडे केबल, हेल्म, ट्यूबमधला रॉड यातलं काहीच नाही. जड असेल तर स्विव्हलचं ग्रीस, आणि त्याआधी घर्षणाचा स्क्रू किंवा खटका बघा. कोणीतरी तो आवळून ठेवलेला असतो. तो पूर्ण सैलही ठेवू नका. हात सुटला की इंजिन आपणहून वळतं.

चाक हलकं आहे, पण होडी ऐकत नाही

चाकाला खूप प्ले, म्हणजे मोकळा झोल, असेल तर दोन माणसं लागतात. एकाने चाक हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने मागे वाकून लिंकवर बोट ठेवून बघायचं. रॉड हलतोय पण इंजिन नंतर हलतंय, तर लिंकचा बोल्ट किंवा त्याचं भोक झिजलंय. चाक हलतंय पण रॉड उशिरा हलतोय, तर मोठा नट सैल, नाहीतर हेल्म झिजलेलं. कधी कधी अख्खं इंजिनच फळीवर हलत असतं. क्लॅम्प आणि बोल्ट तपासा. फळीच्या भोकातून पाणी झिरपत असेल तर आतलं लाकूड सडलंय, आणि ते स्टिअरिंगपेक्षा मोठं दुखणं आहे.

होडी चालताना एकाच बाजूला ओढते ही वेगळी गोष्ट. पाण्यावर उजवीकडे ओढते, किनाऱ्यावर चाक दोन्हीकडे सारखं हलकं, अशी तक्रार असेल तर मी थेट पंख्याच्या वरचं छोटं ट्रिम टॅब बघतो. तो जस्ताचा सुकाणूसारखा तुकडा पंख्याच्या पिळाला तोलतो. होडी उजवीकडे ओढत असेल तर त्याची मागची कड थोडी उजवीकडे वळवायची, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. एका वेळी अगदी थोडं, मग पाण्यावर फेरी मारून बघायचं. खूपदा असं होतं की पावसाळ्यात कोणी तो झिजलेला तुकडा बदलतो आणि नवा मधोमध बसवतो. काढायच्या आधी खिळ्याने खूण ओरखडून ठेवली असती तर तक्रारच आली नसती. त्याला रंग मात्र कधी देऊ नका. रंग दिला तर तो स्वतः गंजून इंजिन वाचवायचं त्याचं काम बंद पडतं. आणि पाहुण्यांचा सगळा भार पुढे बसला असेल, इंजिन फार आत झुकलेलं असेल, तरी होडी नाक खुपसून भरकटते. आधी माणसं मागे सरकवून बघा.

मोठ्या इंजिनांवर केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग असतं. त्याचं चाक स्पंजासारखं दबलं तर आत हवा आहे, तेल कमी आहे, किंवा सील गळतंय. सिलिंडरच्या रॉडवर आणि चाकामागे बोट फिरवून तेल कुठे लागतंय ते शोधा. गळती थांबवल्याशिवाय हवा काढायला बसू नका. तेल हायड्रॉलिक स्टिअरिंगचंच घाला. ब्रेक ऑइल सील फुगवून खराब करतं.

नवी केबल घेताना जुनी बरोबर न्या. लांबी तिच्यावर छापलेली नसेल तर दुकानात दोन्ही शेजारी ठेवून बघा, आणि हेल्मचा फोटो दाखवा, कारण वेगवेगळ्या हेल्मना वेगळी टोकं लागतात. आखूड केबल ताणली जाते, लांब केबल वेटोळी खाते. बसवताना कुठेही वीतभराहून घट्ट वळण नको. दोन वर्षांपूर्वी एकाने नवी केबल बसवून मला बोलावलं, चाक दगडासारखं. मी होडीच्या तळाची फळी उचलली तर केबल पेट्रोलच्या टाकीखाली दबलेली, टाकी भरली की तिच्यावर सगळा भार. टाकी बोटभर सरकवली आणि चाक फिरलं.

लिंक परत जोडताना नवा नायलॉक नट घ्या. जुना एकदा काढला की त्याचं नायलॉन सैल होतं, आणि हा नट सुटला तर होडीला स्टिअरिंगच उरत नाही. नट आवळल्यावर लिंक हाताने खडखड न होता फिरली पाहिजे. मग इंजिन पूर्ण खाली, अर्धं वर आणि पूर्ण वर अशा तिन्ही ठिकाणी ठेवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. पुष्कळदा खाली सगळं ठीक असतं आणि इंजिन उचलल्यावर केबल फळीच्या कडेला घासते.

मे अखेरीस होडी वर ओढाल तेव्हा इंजिन गोड्या पाण्याने धुताना ट्यूबची दोन्ही तोंडंही धुवा, रॉड काढून पुसा, ताजं ग्रीस लावा आणि रॉड पूर्ण आत घेऊन ठेवा. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, पावसाची उघडीप पाहून, ताडपत्री वर करा आणि चाक दोन्हीकडे चार-चार वेळा फिरवा. आमच्या वाडीत आता हे काम शाळेतली पोरं करतात. त्यांना चाक फिरवायला आवडतं.